समाजमाध्यमांचा उदय आणि अस्त : ऑर्कुट ते व्हॉट्सॲप, ठाकुरवाडीच्या संदर्भात

प्रस्तावना

महाजालावरील समाजमाध्यमांचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले 'सिक्सडिग्रीज' हे या प्रकारचे पहिले ठळक उदाहरण मानले जाते. त्यानंतर २००२ मध्ये फ्रेंडस्टर, २००३ मध्ये मायस्पेस आणि २००४ मध्ये ऑर्कुट व फेसबुक अशी ही मालिका पुढे सरकली. यांपैकी अनेकांच्या भरभराटीच्या काळात 'आता याला पर्याय उरला नाही' असेच जाणकारांसही वाटत होते. २००५ मध्ये न्यूज कॉर्पोरेशनने ५८ कोटी डॉलर देऊन घेतलेले मायस्पेस २०११ मध्ये अवघ्या साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास विकले गेले, ही एकच घटना या क्षेत्रातील वैभवाची अस्थिरता दाखविण्यास पुरेशी आहे.

या उदयास्ताची मीमांसा करताना सामान्यतः मालक कंपनीची धोरणे, तिचे भांडवल आणि तिचे तांत्रिक कौशल्य यांवर भर दिला जातो. प्रस्तुत लेखात वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. समाजमाध्यमाचे वर्चस्व दोन गोष्टींवर उभे असते : आपल्या ओळखीची माणसे तेथे आहेत काय, आणि आपण महाजालात कोणत्या दाराने प्रवेश करतो. माणसांची वस्ती एकदा जमली की ती सहसा मोडत नाही. परंतु दार बदलले की मोडते. महाराष्ट्रात हे दार सायबर कॅफेचे होते, नंतर घरातील संगणकाचे झाले आणि शेवटी भ्रमणध्वनीचे झाले. ज्या वस्त्यांना पहिली दोन दारे कधी उघडलीच नाहीत, त्यांच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ पूर्णपणे निराळा ठरतो.

अशा वस्त्यांचे प्रतिनिधिक नाव म्हणून येथे 'ठाकुरवाडी' घेतली आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नाही. माथेरानच्या पायथ्यापासून बोरघाटापर्यंत ठाकूर (ठाकर) समाजाच्या अनेक वाड्या याच नावाने ओळखल्या जातात. घाटातील रेल्वेच्या एका तांत्रिक थांब्यालाही हेच नाव आहे. पत्त्यात नुसते 'ठाकुरवाडी' लिहिले तर टपाल कोठे पोहोचवावे, हा प्रश्न पोस्टमनला पडावा. मुंबईपासून लोकलने सुमारे दोन तासांच्या अंतरावर असलेला हा भाग महाजालाच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ फार दूर राहिला.

जाळ्याचे गणित

दळणवळणाच्या कोणत्याही जाळ्याचे मूल्य त्यातील सभासदांच्या संख्येपेक्षा अधिक वेगाने वाढते, हे तत्त्व ईथरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने ओळखले जाते. ते समजण्यास अवघड नाही. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीतून घरटी एक याप्रमाणे चाळीस जण एका माध्यमावर आले तर त्यांच्यात परस्परसंबंधाच्या ७८० जोड्या संभवतात. दहा जणांच्या गटात अशा जोड्या फक्त ४५ असतात. माणसे चौपट झाली, परंतु संबंध सतरा पटींहून अधिक झाले. म्हणूनच पुढे गेलेले माध्यम अधिकच पुढे जाते आणि मागून आलेले, गुणांनी सरस असूनही, मागे पडते.

हेच गणित उतरणीलाही लागू पडते, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. चाळिसांपैकी दहा जण निघून गेले तर तीस उरतात व त्यांच्यात ४३५ जोड्या राहतात. माणसे पावपट गेली, पण संबंध जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटले. उरलेल्या तिसांना ही पोकळी जाणवते आणि त्यांचाही पाय निघतो. यास्तव समाजमाध्यमाचा अस्त क्वचितच संथ असतो; वर्षानुवर्षे भक्कम वाटणारी इमारत दीड-दोन वर्षांत रिकामी होते.

अर्थात हे सूत्र शब्दशः घेण्याचे कारण नाही. सर्व जोड्या सारख्या मोलाच्या नसतात. कोट्यवधी सभासदांपैकी व्यक्तीला प्रत्यक्षात हवी असतात ती शंभर-दीडशे माणसे : दहावीची तुकडी, चुलत-मावस भावंडे, क्रिकेटचा संघ, कामावरचे सोबती. स्थलांतरही असे घोळक्याघोळक्याने होते. वर्गातील चार उत्साही मुले नव्या जागी गेली की उरलेला वर्ग महिन्याभरात त्यांच्या मागे जातो.

ऑर्कुट : सायबर कॅफेतील सत्ता

जानेवारी २००४ मध्ये गूगलने आपल्या एका अभियंत्याच्या नावावरून ऑर्कुट हे संकेतस्थळ सुरू केले. प्रारंभी तेथे केवळ आमंत्रणानेच प्रवेश मिळे. अमेरिकेसाठी बनलेले हे संकेतस्थळ प्रत्यक्षात रुजले ते ब्राझील आणि भारतात. मित्राच्या 'स्क्रॅपबुक'वर सर्वांना दिसेल असा निरोप लिहिणे, मित्राविषयी 'टेस्टिमोनियल' म्हणजे प्रशस्तिपत्र लिहिणे, गाव, महाविद्यालय, आडनाव वा किल्ल्याच्या नावाने 'कम्युनिटी' उघडणे आणि आपले पान कोण पाहून गेले ते तपासणे, ही त्याची प्रमुख आकर्षणे होती. आपल्याकडील चावडीच्या बैठकीशी त्याचे साधर्म्य होते. दोघे बोलतात ते दहा जण ऐकतात, आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असते.

महाराष्ट्रात या माध्यमाचा प्रसार समजून घेण्यासाठी तत्कालीन संगणक-परिचयाचा विचार आवश्यक ठरतो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांतील तरुणांच्या हाती प्रथमच 'माऊस' दिला. घरी संगणक नसलेला हा विद्यार्थी पुढे सायबर कॅफेत जाई. तासाला पंधरा-वीस रुपये मोजून पहिली दहा मिनिटे परीक्षेचा निकाल वा नोकरीचा अर्ज आणि उरलेला वेळ ऑर्कुट, असा तो हिशेब असे. कर्जत-खोपोलीसारख्या शहरांतील विद्यार्थ्यांनाही तो परवडत होता. वाडीवरून चालत येऊन जीप पकडणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र परतीची शेवटची गाडी चुकवून परवडत नव्हता. ठाकूर व कातकरी वाड्यांतील विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलताना असे आढळते की, ऑर्कुटचे नाव त्यांच्या थोरल्या भावंडांनाही क्वचितच माहीत आहे.

सायबर कॅफे हे ऑर्कुटचे खरे घर होते, याची साक्ष त्या काळातील तंट्यांवरूनही मिळते. ऑक्टोबर २००६ मध्ये भारतद्वेषी मजकुराच्या एका कम्युनिटीसंदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गूगलला नोटीस काढण्याचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर ऑर्कुटवर आढळल्याने पुण्यात सायबर कॅफेंवर हल्ले झाले. गूगलचे कार्यालय हल्लेखोरांच्या आवाक्यात नव्हते. ऑर्कुटचा दिसणारा पत्ता म्हणजे कोपऱ्यावरचा कॅफे, आणि काचा फुटल्या त्या कॅफेवाल्याच्या. २००७ मध्ये याच स्वरूपाच्या एका प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण अभियंत्यास अटक केली. दूरसंचार कंपनीकडून आलेली संगणक-पत्त्याची माहिती चुकीची होती, हे उघड होईपर्यंत सुमारे ५० दिवस त्याने तुरुंगात काढले होते. समाजमाध्यमावरील मजकुराची जबाबदारी कोणाची, हा आजही न सुटलेला प्रश्न महाराष्ट्राला प्रथम ऑर्कुटने घातला.

अस्ताची कारणे

ऑर्कुट का मावळले, याची उत्तरे अनेक दिली जातात. बनावट खात्यांचा सुळसुळाट झाला. अपरिचितांचे निरोप वाढले, विशेषतः मुलींना त्यांचा जाच होऊ लागला. ऑगस्ट २००८ मध्ये त्याचा संपूर्ण कारभार ब्राझीलकडे सोपविण्यात आला. २००९ अखेरीस आलेले नवे रूप आधी निवडकांनाच मिळाल्याने सभासदांत दुफळी माजली. ही सर्व कारणे खरी आहेत, परंतु प्रस्तुत लेखकास ती दुय्यम वाटतात.

मूलभूत बदल प्रवेशद्वारात झाला होता. फेसबुक सप्टेंबर २००६ पासून सर्वांसाठी खुले झाले आणि त्याच महिन्यात त्याने 'न्यूज फीड' आणली. ऑर्कुटवर मित्राची खबर घ्यायची तर त्याच्या पानावर जावे लागे. फेसबुकवर सर्व मित्रांच्या खबरी एका प्रवाहात समोर येत. तासाच्या भाड्याने बसणाऱ्यास दहा घरी फिरून येण्यात मौज होती. दिवसातून वीस वेळा खिशातून फोन काढून क्षणभर पाहणाऱ्यास प्रवाहच सोयीचा होता. २०१० च्या सुमारास स्वस्त फोनवर महाजाल येऊ लागले आणि त्या लहान पडद्यासाठी फेसबुकने हलके रूपही तयार केले. कॉमस्कोअर या मापन संस्थेनुसार जुलै २०१० मध्ये भारतात फेसबुकला सुमारे २ कोटी ९ लाख, तर ऑर्कुटला सुमारे १ कोटी ९९ लाख व्यक्तींनी भेट दिली. या आकड्यांचा उल्लेख वारंवार होतो. पण त्यांत घर व कार्यालयातील संगणकच धरले होते, सायबर कॅफे आणि भ्रमणध्वनी नव्हते, हे सांगितले जात नाही. म्हणजे ऑर्कुटचे घर आणि फेसबुकचे भावी घर, दोन्ही मोजणीबाहेर होती.

पुढील वर्षी आलेल्या सायबर कॅफेविषयक नियमांनी ग्राहकाचे ओळखपत्र व नोंदवही सक्तीची केली. तोवर कॅफेची गरजच ओसरू लागली होती. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले, तेव्हा बहुतेकांना ते अजून चालू होते याचेच आश्चर्य वाटले.

येथे भाषेविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. आपली भाषा दिली की माध्यम टिकते, असा एक समज मराठी अभ्यासकांत आढळतो. ऑर्कुटने मराठीसह काही भारतीय भाषांत आपला चेहरा उपलब्ध केला होता. ते वाचले नाही. २०२० मध्ये आलेल्या 'कू' या भारतीय माध्यमाने प्रादेशिक भाषांवरच भर दिला, मराठीही त्यात होती. तेही जुलै २०२४ मध्ये बंद झाले. याउलट १९९६ च्या गणेश चतुर्थीस परदेशस्थ मराठी माणसांसाठी सुरू झालेले 'मायबोली' हे छोटे संकेतस्थळ या सर्व महाकाय माध्यमांचे उदयास्त पाहून टिकले. तेथील सभासद ओळखीच्या माणसांसाठी येत नाहीत. कथा, पाककृती, प्रवासवर्णन अशा विषयांसाठी येतात. त्यामुळे ओळखीचा घोळका उठून गेला तरी त्याचे आसन ढळत नाही. तथापि हे वर्चस्वाचे उदाहरण नव्हे, आणि येथे त्याचा विस्तार अप्रस्तुत होईल.

ठाकुरवाडीचे वेगळे कालमापन

शहरातील चाळिशीतील व्यक्तीने ऑर्कुट सोडून फेसबुक धरले, मग व्हॉट्सॲप, मग इन्स्टाग्राम. तीन-चार वेळा बिऱ्हाड हलविल्याने माध्यम नश्वर असते, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. वाडीचा अनुभव असा नाही. डोंगराच्या कुशीत मनोऱ्याचा संकेत पोहोचत नाही. तो मिळविण्यासाठी ठरावीक दगडावर वा टेकाडावर जाऊन उभे राहावे लागते, आणि ही जागा वाडीतील प्रत्येकास माहीत असते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली व डेटाचे दर कोसळले. २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन आला आणि सप्टेंबर २०१८ पासून त्या बटणांच्या फोनवर व्हॉट्सॲप चालू लागले. वीटभट्टीवर, बांधकामावर वा फार्महाऊसवर मजुरी करणाऱ्यांच्या हाती महाजाल आले ते असे. त्यांच्या दृष्टीने व्हॉट्सॲप हे अनेकांतील एक माध्यम नव्हते. तेच महाजाल होते.

२००९ मध्ये निघालेले व फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केलेले हे माध्यम पूर्वीच्या साऱ्यांहून एका बाबतीत निराळे आहे. त्यास ई-मेल, परवलीचा शब्द, इंग्रजी अर्ज यांपैकी काही लागत नाही. लागतो फक्त भ्रमणध्वनी क्रमांक. लिहिता येत नसेल तर बोलून निरोप पाठविता येतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर रोजच्या अभ्यासाचे दुवे पालकांपर्यंत व्हॉट्सॲपनेच पोहोचविले जात होते. ज्या घरात एकच फोन आणि तो घेऊन बाप कामावर गेलेला, तेथील मुलांचा अभ्यास रात्री होई किंवा होतच नसे.

परिचितांचे जाळे म्हणजे विश्वासाचे जाळे, आणि त्याचा धोकाही विश्वासातूनच उद्भवतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी वस्तीत मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा कंपनीने घातली. ज्यांना यापूर्वी कोणत्याही माध्यमावर फसण्याचा व सावध होण्याचा अवसर मिळाला नव्हता, त्यांच्यावर ही वेळ आली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ऑर्कुटच्या काळात बनावट खाती पाहून शहरी तरुण जे शिकला, ते शिकण्याचा टप्पाच राईनपाड्यासारख्या वस्त्यांच्या वाट्याला आला नाही.

आज्ञेने झालेला अस्त

माध्यम मावळण्याचा आणखी एक प्रकार वाडीने पाहिला. तो बाजाराने घडविलेला नव्हता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. त्या वेळी भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते असल्याचे सांगितले जात होते. टिकटॉकचे मर्म असे की, तेथे ओळखीची गरजच नव्हती. कोण कोणाचा मित्र यापेक्षा कोण काय किती वेळ पाहतो, यावरून यंत्र पुढची चित्रफीत निवडत असे. परिणामी शेतात नाचणाऱ्या अनोळखी मुलीची चित्रफीतही लाखोंपुढे जाऊ शकत होती. मेटकाफच्या गणिताला येथे वेगळे वळण मिळाले. बंदीनंतर दोन आठवड्यांच्या आत इन्स्टाग्रामने 'रील्स' आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स' भारतात आणले. पाहणाऱ्यांची सोय लगेच झाली. करणाऱ्यांनी जमविलेले अनुयायी मात्र कोणालाही सोबत नेता आले नाहीत.

स्मृतीचा प्रश्न

माध्यम बंद होते तेव्हा त्यावर लिहिलेल्या मजकुराचे काय होते? ऑर्कुटने सभासदांना आपला मजकूर उतरवून घेण्यासाठी सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली होती. ज्यांच्याजवळ संगणक होता आणि ज्यांना ही मुदत कळली, त्यांनी ती साधली. मराठी तरुणांच्या एका पिढीचे रोजचे बोलणे, रोमन लिपीतील ती ओबडधोबड मराठी, बहुतांशी नाहीशी झाली. २००३ ते २०१५ या काळात मायस्पेसवर चढविलेली असंख्य गाणी सर्व्हर हलविताना नष्ट झाली, हे २०१९ मध्ये उघडकीस आले. भाषाभ्यासकांनी बखरी आणि ताम्रपट जपले. वीस वर्षांपूर्वीचे हे लेखन जपण्याची व्यवस्था मात्र आपल्या विद्यापीठांनी केली नाही. हे प्रस्तुत लेखकास शोचनीय वाटते.

वाडीत याहून लहान व निःशब्द अस्त रोज घडतो, आणि त्याची दखल कोणत्याही आकडेवारीत नसते. व्हॉट्सॲपचे खाते क्रमांकाशी बांधलेले आहे. साधारण ९० दिवस न वापरलेला क्रमांक दूरसंचार कंपनी बंद करते व कालांतराने दुसऱ्यास देते. १२० दिवस निष्क्रिय राहिलेले खाते व्हॉट्सॲप काढून टाकते. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले. भाताची लावणी ते कापणी या काळात हातात रोख नसलेल्या घरात आधी रिचार्ज थांबते. नवा हंगाम आला की नवे सिमकार्ड घेतले जाते, आणि जुन्या क्रमांकासोबत लग्नाची छायाचित्रे, मुकादमाशी झालेला मजुरीचा हिशेब, वनहक्क दाव्याच्या कागदाचे काढून ठेवलेले चित्र, असे सारे गेलेले असते. फोन जुना असला तरी तीच गत. जिओफोन ज्या प्रणालीवर चालतो त्या काय-ओएसचा आधारही व्हॉट्सॲपने २०२४ नंतर काढून घेतला. माध्यम जगभर भरभराटीस असताना त्या घरापुरते ते बंद पडले.

ग्रामसभेची सूचना फलकावर लावावी आणि दवंडी देऊन कळवावी, अशी जुनी रीत आहे. अलीकडे सूचनेचे छायाचित्र गावाच्या गटावर टाकले की ती सर्वांना कळली असे धरले जाते. ठाकुरवाडीसारख्या वस्त्या बहुधा मुख्य गावापासून अंतरावर असतात. फलक तेथे दिसत नाही आणि दवंडी तेथवर क्वचित पोहोचते. ज्यांचा क्रमांक बंद झाला आहे त्यांना सभेची तारीख शेजारी सांगतात, आणि कधीकधी सभा झाल्यानंतर सांगतात.